मॅडमनी लिहून दिलेली माझी भूमिका

मॅडमनी माझी वही दोन बोटांत धरली. कोपऱ्याला. कारण वहीवर वरणाचा डाग होता, वाळलेला, माझ्या पोरीचा हात लागलेला. वही अशी लांब धरून त्या वाचायला लागल्या. मोठ्यानं. अन् माझा आवाज काढून.

"बाईनं शिकावं पण घरचं सारं करून शिकावं. लय शिकली की बाई ऐकत नाय. असं आमच्या घरचं मत हाय."

'लय'वर थांबल्या. परत म्हणाल्या, लय. 'नाय' म्हणताना मान अशी हलवली, कोंबडी हलवते तशी. बाया हसल्या. वीस-बावीस बाया असतील. मी पुढच्या बाकावर होते, तिसरीच्या पोरांचे बाक ते, बसलं की गुडघे वर येतात, मी गुडघ्याकडं बघत बसले. शबाना पण हसली. शबाना माझ्या शेजारी बसते, वर्गात माझी तेवढी एकच मैत्रीण, ती तोंडावर ओढणी धरून हसली.

मॅडम म्हणाल्या, "मी काय विचारलं होतं? तुझी भूमिका. आणि ही घरी जाऊन सासूला विचारून आली. अगं, उद्या डोकं खाजवायचं झालं तरी विचारून खाजवशील का?"

परत हसल्या सगळ्या.

मंग मॅडम एकदम मऊ झाल्या. वही बाकावर ठेवली, टाकली नाय, ठेवली, अन् माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं. तुमच्यात विचार करायची सवयच नसते."

त्या हसल्या ते मी विसरले असते. तो हात नाय विसरले.

तुमच्यात म्हणजे कोणात, ते त्यांनी सांगितलं नाय. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्या 'अच्छा' म्हणाल्या. माझ्या मागच्या बाईचं आडनाव ऐकून अच्छा नव्हत्या म्हणाल्या, गाव कोणतं म्हणाल्या, आमचे पण तिकडे पाहुणे आहेत म्हणाल्या. तेवढंच. पण तेवढं कळतं आम्हाला. बालवाडीपासून कळतं.

मी चांदवडकडची. नववीतनं काढलं मला. परीक्षा झाली, निकाल लागायचा होता, तेवढ्यात काढलं, मी पास का नापास ते मला लय वर्ष माहीतच नव्हतं. अठरा पूर्ण झाले तसं लग्न, नाशिकला आले पंचवटीत, दोन खोल्या, पोरीचे पप्पा अंबडला कंपनीत, मी अन् सासू घरात. सासूला मी आत्याबाई म्हणते. मंग पोरगी झाली. आता ती अकरा महिन्यांची हाय.

दुपारी दोन ते चार बायकांचा दहावीचा वर्ग चालतो असं ती पोटात असतानाच कळलं होतं, शाळेची एक खोली दुपारी रिकामी असते तिथं, शिकवायला या मॅडम, फी नाय काही नाय. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा अन् बाहेरनं परीक्षेला बसायचं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, अस्सल. मी पोटात पोरगी असताना एसटीनं चांदवडला गेले, दोनदा गेले, पहिल्यांदा हेडमास्तर नव्हते, दुसऱ्यांदा दुपारपर्यंत बसवून ठेवलं. दाखला हातात आला तेव्हा कळलं, नववी पास होते मी. तो दाखला पहिल्या दिवशी मॅडमनी घेतला, सगळ्यांचेच घेतले, कपाटात ठेवले, फॉर्म मी एकदमच भरीन म्हणाल्या. कुलूप लावलं. मला बरंच वाटलं तेव्हा. घरात असता तर पोरीनं फाडला असता.

मॅडम शिकवायच्या चांगल्या. खोटं कशाला बोलू. त्या आधी कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, भूमिकेचा परिच्छेद. म्हणाल्या, वैचारिक निबंधात हा परिच्छेद जमला तर निबंध जमला. पहिल्याच वाक्यात आपली बाजू सांगून टाकायची. तळ्यात-मळ्यात करायचं नाही. मंग का, ते सांगायचं. मंग स्वतः बघितलेलं एक काहीतरी सांगायचं, ऐकलेलं नाही. मंग समोरचा काय म्हणेल ते त्याच्या आधी आपणच सांगायचं, अन् त्याला उत्तर द्यायचं. शेवटी परत बाजूवर उभं राहायचं. उदाहरण दिलं, गोदाघाटावर गाड्या धुवू द्याव्यात का. शबाना म्हणाली मॅडम माझ्या नवऱ्याची रिक्षा तिथंच धुतात, मी कोणती बाजू घेऊ, अन् सगळ्या हसल्या, मॅडम पण. मला ते सगळं असं चटकन कळलं. भांडणात मी कायम रडायला लागते, मला वाटलं हे आधी कोणी शिकवलं असतं तर रडले नसते.

मंग त्यांनी घरून लिहून आणायला दिलं. विवाहित स्त्रियांनी शिक्षण घ्यावे का. तुमची भूमिका लिहा.

आता माझी चूक झाली ती अशी. आमच्यात कागदावर काय लिहायचं तर घरात विचारून लिहितात. रेशनकार्डात नाव घालायचं, विचारायचं. बँकेचं पुस्तक, विचारायचं. बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, पोट कापून बाळ काढावं लागेल म्हणाले, तिथं पण कागद होता, पोट माझं होतं अन् सही पोरीच्या पप्पांची होती. मी शुद्धीत होते. कोणी माझ्याकडं कागद केलाच नाय. मला पण वाटलं नाय की माझ्याकडं करायला पाहिजे. मंग वहीत भूमिका लिहायची म्हटल्यावर मी विचारलं. आत्याबाई लसूण सोलत होत्या. मी म्हणलं, आत्याबाई, असं असं लिहायचंय, आपलं काय मत हाय.

त्या खूश झाल्या. त्यांना आयुष्यात कोणी मत विचारलं नसेल. लसूण बाजूला ठेवला, पदर सावरला, अन् सांगितलं. बाईनं शिकावं, पण घरचं सारं करून. लय शिकली की ऐकत नाय, त्यांच्या भावाची सून बघ, वणीची, शिकलेली केली अन् सहा महिन्यांत वेगळी राहिली. मी तसंच लिहिलं. चांगल्या अक्षरात. एकदा फाडून परत लिहिलं.

अन् ते मॅडमनी कोंबडीसारखी मान हलवून वाचलं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणली गं मॅडम. मी म्हणलं चांगलं म्हणाल्या. पोरीला पाजायला घेतलं, तर दूधच उतरेना. भीतीनं असं होतं माझं. पोरगी चिडून चावली.

दोन दिवसांनी मॅडमनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं काढतात आता. पण त्या गोड बोलत होत्या. शनिवारी पाहुणे येणारेत, म्हणाल्या, वर्गाला मदत करणारे मोठे लोक आहेत, एका बाईनं त्यांच्यासमोर आपली भूमिका वाचून दाखवायची. ती तू. मी म्हणलं मी कशी, माझी तर चुकली होती. त्यांनी पर्समधून कागद काढला. छापलेला.

"तुझीच भूमिका आहे. मी फक्त नीट केली."

मी वाचायला लागले. अक्षर न् अक्षर बरोबर. पहिल्या वाक्यात बाजू, मंग कारण, मंग स्वतः बघितलेलं, सगळं शिकवल्यासारखं. तिसऱ्या वाक्यात होतं, माझ्या सासरी अज्ञानाचा अंधार होता. मंग, माझ्या सासूने माझ्या हातातील पुस्तक हिसकावून मला चुलीपुढे बसविले. मंग, मॅडमच्या रूपाने माझ्या जीवनात प्रकाश आला.

चूल. आमच्याकडं गॅस हाय.

मी म्हणलं, मॅडम, असं झालेलं नाय. त्या म्हणाल्या, अगं, असंच होतं सगळीकडे, तुला आता दिसत नाही, पुढे दिसेल. मंग सांगितलं, साडी नेसून ये, ड्रेस नको. बाळाला कडेवर घेऊन उभी राहा. आणि ते लय, नाय बोलू नकोस, कागदावर आहे तेच वाच. जाता जाता कपाटाकडं बघून म्हणाल्या, शनिवारचं नीट झालं की फॉर्मचंही करून टाकू, तारीख जवळ आली आहे.

धमकी नव्हती ती. नुसतं बोलल्या. पण फॉर्म त्यांच्या हातात. दाखला त्यांच्या कुलपात. या वर्षी राहिलं तर पुढच्या वर्षी घरातनं कोण सोडेल मला. पोरीचे पप्पा आधीच म्हणतात, एक वर्ष बघ, नायतर बास.

आत्याबाई काही देव नाय. टोचून बोलतात. एकदा माझं भूगोलाचं पुस्तक त्यांनी तांदळाच्या डब्यामागं सारून ठेवलं होतं, मी दोन दिवस शोधलं, मंग म्हणाल्या, सापडलं का, बरं झालं. पण रोज दुपारी दोन ते चार, उन्हाचं, त्या वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात पोरगी मांडीवर घेऊन बसतात. पोतं अंथरून. गुडघे दुखतात तरी. रोज कुरकुर करतात अन् रोज येतात. ते त्या कागदात कुठंच नव्हतं.

मी पाठ करायला लागले. कणीक मळता मळता, धुणं धुता धुता. आत्याबाई म्हणाल्या, काय पुटपुटती गं सारखी. मी म्हणलं, शनिवारी वाचायचंय, पाहुण्यांसमोर. त्या म्हणाल्या, मंग वाच की, मला ऐकू दे. त्यांना वाचता येत नाय. मी कागद समोर धरला अन् दुसरंच बोलले. पाण्याचं महत्त्व, शाळेतलं आठवलं ते. त्या म्हणाल्या, ब्येस हाय. अन् त्यांनी शनिवारसाठी पेटीतलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

माझ्या जन्मात मी इतकी हलकट कधी झाले नव्हते.

शबानाला सांगितलं. ती म्हणाली, "वाचून टाक ना यार, पेपर आपला, पास आपण. सासूला काय कळतंय." मंग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी हसले ना, मला लय खराब वाटलं. तू नसतीस तर माझी वही वाचली असती. मी तर नवऱ्याला विचारून लिहिलं होतं." अन् आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदा हसले मी त्या आठवड्यात.

शनिवारी खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. शाली होत्या, नारळ होते. आत्याबाई लुगडं नेसून, कुंकू मोठं लावून, सगळ्यांच्या आधी येऊन दारातल्या सतरंजीवर बसल्या. मॅडम आल्या अन् म्हणाल्या, आजी, तुम्ही जरा बाहेर बसा, बाळ रडलं तर. आत्याबाई उठल्या. चपला काढल्या होत्या तिथं, उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून बसल्या. मंग माझं नाव पुकारलं तसं मॅडमनीच जाऊन त्यांच्या मांडीवरनं पोरगी उचलली अन् माझ्या कडेवर दिली. मांडी रिकामी झाली त्यांची. तरी हसत होत्या. शेजारी पाणी द्यायला बसलेल्या मावशींना सांगत होत्या, माझी सून, माझी सून हाय ती.

मी उभी राहिले. पोरगी माझे कानातले ओढत होती. पहिलं वाक्य वाचलं. विवाहित स्त्रियांनी शिक्षण घेतलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. एका पाहुण्यानं मान डोलवली. दुसरं वाचलं. आवाज माझाच पण मला लांबून आल्यासारखा. तिसरं. माझ्या सासरी अज्ञानाचा.

मी दाराकडं बघितलं. आत्याबाई मान हलवत होत्या. हो, हो, अशा. छापील मराठी त्यांना कळत नव्हती. मी काय चांगलं बोलती असंच वाटत होतं त्यांना.

मी कागद खाली केला.

मॅडमना वाटलं मी विसरले. त्या बाजूनं हळूच सांगायला लागल्या, माझ्या सासूने, माझ्या सासूने माझ्या हातातील. बारक्या पोराला सांगतात तसं. मी म्हणलं, "हे माझं नाय."

त्या हसून म्हणाल्या, "घाबरली आहे. वाच हं, वाच."

मी कागद खुर्चीवर ठेवला. अन् बोलले. आधी काय ठरवलं नव्हतं, पण त्यांनी शिकवलेल्या पायऱ्या डोक्यात होत्या, त्या धरत धरत बोलले, जिना धरून उतरावं तसं. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"माझी बाजू अशी हाय की मी काय बोलायचं ते मला विचारल्याबिगर कोणी ठरवू नये. का, तर मला नववीतनं काढलं तेव्हा मला विचारलं नाय. माझं पोट फाडलं तेव्हा विचारलं नाय. अन् हा कागद लिहिला तेव्हा पण विचारलं नाय. समोरची बाजू म्हणते, यांच्यात विचार करायची सवय नाय. त्याला उत्तर असं, की विचार करतो आम्ही, रोज करतो, विचारतंच नाय कोणी. माझ्या सासूची बाजू अशी हाय की बाईनं घरचं सारं करून शिकावं. ती मला मान्य नाय. पण ती त्यांची हाय अन् त्यांनी ती मला तोंडावर सांगितली. छापून माझ्या हातात दिली नाय."

एवढंच. पोरगी रडायला लागली.

एका पाहुण्यानं टाळी वाजवली, एकदाच, मंग इकडंतिकडं बघून थांबला. मॅडमनी माईक घेतला अन् म्हणाल्या, आमच्या भगिनी किती मोकळेपणानं बोलू लागल्यात बघा. म्हणजे तेही त्यांनी त्यांच्याच पदरात घातलं. मंग शाली वाटल्या.

पाहुणे चहा प्यायला बाहेर गेले तशा त्या माझ्याजवळ आल्या. चेहरा पांढरा. "मी तुझ्यासाठी काय नाही केलं," म्हणाल्या. "आता फॉर्मचं तुझं तू बघ."

मी म्हणलं, माझा दाखला द्या. त्या म्हणाल्या, सोमवारी बघू. मी कपाटासमोर खाली बसले. पोरीला मांडीवर घेतलं अन् तिथंच पाजायला लागले. म्हणलं, बसते मी. खरं सांगते, मी शूर नव्हते, माझी लघवी होते का काय असं झालं होतं. पण उठले नाय. शबाना आली अन् माझ्या शेजारी बसली. मंग अजून दोघी बसल्या.  पाहुणे आत यायला लागले, तशी मॅडमनी किल्ली काढली. दाखला दिला. हातात नाय दिला, बाकावर ठेवला. मी उचलला.

रस्त्यानं आत्याबाई पुढं चालत होत्या, भरभर. त्यांना माझं बोलणं सगळं कळलं होतं, माझ्या भाषेत होतं ना ते. मला वाटलं होतं त्या काही चांगलं बोलतील. सिग्नलला थांबल्या अन् म्हणाल्या, "चार लोकांत माझं नाव घेऊन सांगती, मान्य नाय. घरात सांगायला तोंड नव्हतं?"

 बरोबर होतं ते. घरात तोंड नव्हतंच.

तीन दिवस माझ्याशी बोलायचं ते पोरीच्या नावानं बोलायच्या, सांग गं तुझ्या आईला, दूध उतू चाललंय. सांग तुझ्या आईला, मी काय आता व्हरांड्यात बसायला येत नसते. पोरीच्या पप्पांना कोणीतरी सांगितलंच. ते म्हणाले, तुझा वर्ग बंद झाला ना, मंग झालं, सुटलो.

मी म्हणलं, वर्ग बंद झालाय. परीक्षा नाय झाली बंद. जेवताना म्हणलं, आत्याबाईंसमोर. पोरीच्या पप्पांनी घास घेतला. त्यांना मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा.

मंगळवारी पोरीला ओढणीनं बांधून मी एकटी गेले. सायबर कॅफेत फॉर्म भरला, मंग जिथं कागद जमा करतात त्या शाळेत. खिडकीवर बसलेल्या क्लार्कनं दाखला बघितला अन् कोरा कागद दिला, म्हणाला, शाळा का सोडली त्याचा अर्ज द्या. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढं लिहिलंय, पालकांच्या विनंतीवरून. तो म्हणाला, हेच लिहा ताई, नायतर घरगुती अडचण लिहा, सगळ्या तेच लिहितात.

मी तिथंच भिंतीला कागद लावून लिहिलं. मला न विचारता शाळेतून काढले. मला शिकायचे होते.

त्यानं वाचलं. परत वाचलं. म्हणाला, असं चालतं का नाय बघावं लागेल, साहेबांना विचारतो, उद्या या. मी म्हणलं येते.

आता हे लिहिते तेव्हा उद्याची सकाळ व्हायची हाय. आत्याबाई पोरीला ठेवून घेतील का माहीत नाय. साहेब काय म्हणतील माहीत नाय. मला भीती वाटते. पण माझं ठरलंय. चालत नाय म्हणाले तर मी दुसरा कागद मागीन अन् त्याच्यावर तेच लिहीन. तिसरा दिला तर तिसऱ्यावर. घरगुती अडचण असं मी लिहिणार नाय. ती अडचण नव्हती. मला काढलं होतं.